वायर बदलायची नाही

लॅपटॉपच्या कोपऱ्यात वायफायची जी खूण असते, तिच्या चार कमानींपैकी गुरुवारी सकाळी नयनाच्या लॅपटॉपवर एकच उजळली होती, आणि तीही मधूनमधून विझत होती. नवं कार्ड बसवून आणल्याला अजून एक दिवसही उलटला नव्हता. शुक्रवारी अकरा वाजता परीक्षा होती. नयनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

परीक्षा नोकरीची होती. अठ्ठावन्नाव्या वर्षी बाईला आयुष्यातली पहिली नोकरी लागत होती, आणि ती कुणाच्या ओळखीने नाही की कुणाची बायको म्हणून नाही. बंगळुरूच्या मोठ्या हॉस्पिटलांत सांगली, सोलापूर, बेळगावकडची माणसं ऑपरेशनला येतात. डॉक्टर बोलणार इंग्रजी नाहीतर कन्नड, आणि यांना कळणार मराठी. एक कंपनी अशा वेळी व्हिडिओवर दुभाषी जोडून देते. तीस वर्षं बसवनगुडीत भाजी घेऊन, शेजारणींशी गप्पा मारून आणि प्रसंगी भांडून नयनाचं कन्नड पक्कं झालं होतं. कंपनीने महिनाभर कच्ची नेमणूक दिली. नियम एकच होता: समोरचा बोलेल ते सगळं सांगायचं, काही गाळायचं नाही, पदरचं काही घालायचं नाही. नयनाला तो नियम इतका आवडला की तिने तो कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवला.

तिसऱ्या आठवड्यात घात झाला. लातूरकडची एक आई विचारत होती, ऑपरेशनआधी लेकराला किती वेळ उपाशी ठेवायचं. डॉक्टरांनी सांगितलं, नयनाने तोंड उघडलं, आणि नेट गेलं. ती पुन्हा जोडली जाईपर्यंत त्या बाईने पोराला दूध-बिस्किट खाऊ घातलं होतं. ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर ढकललं गेलं. कुणी नयनाला दोष दिला नाही, पण ती त्या रात्री जेवली नाही.

कंपनीतल्या मुग्धा नावाच्या मुलीने दुरूनच लॅपटॉप तपासला आणि निदान केलं. आतलं वायफायचं कार्ड जुनं होतं. ते फक्त लहरींच्या जुन्या पट्ट्यावर चालायचं, आणि त्या पट्ट्यावर अख्ख्या बिल्डिंगचे राउटर गर्दी करून बसले होते. पाच गिगाहर्ट्झचा मोकळा पट्टा पकडणारं नवं कार्ड घाला, ती म्हणाली. यूएसबीत खोचायचं काही चालणार नव्हतं, कारण हेडफोन आणि कंपनीची सुरक्षा-चावी यांनी दोन्ही खाचा अडवल्या होत्या. केबलची खाच तर कधीच सैल होऊन गेली होती. शुक्रवारी अकरा ते बारा नेटची परीक्षा. तासाभरात एकदा जरी तुटलं तर नेमणूक रद्द.

आता हा लॅपटॉप कुणाचा? उमाकांतांचा. म्हणजे नयनाच्या नवऱ्याचा. तेहेतीस वर्षं त्यांनी सरकारी संशोधन संस्थेत काढली, आणि सगळी अँटेनांमध्ये. निवृत्त होताना नियमाप्रमाणे हा जुना लॅपटॉप त्यांना घरी नेता आला. ज्या माणसाने जन्मभर अँटेना बांधल्या त्याच्या घरी नेट येत नाही, यावर सोसायटीत विनोद होत असत आणि उमाकांत ते ऐकू न आल्यासारखं करत.

कार्ड बदलणं म्हणजे अर्ध्या तासाचं काम, ते म्हणाले. त्या अर्ध्या तासाची तयारी चार दिवस चालली. कार्डाची माहिती छापून झाली, तिच्यावर पेन्सिलीने खुणा झाल्या, टेबलावर जुना टॉवेल अंथरला गेला, स्क्रू ठेवायला औषधाच्या रिकाम्या डब्या आल्या. सोमवारी साहेबांनी पेचकस हातात घेतला आणि दुसऱ्याच स्क्रूचं डोकं घासून सपाट केलं. तो काही निघेना. मग एकाएकी त्यांचा गुडघा दुखायला लागला आणि चामराजपेटच्या दुकानात नयनाने जावं असं ठरलं.

जाण्याआधी त्यांनी खालचं छोटं झाकण उघडून हार्डडिस्क मात्र काढून घेतली. डिस्क दाराबाहेर जायची नाही, हा लॅबचा नियम. लॅब सुटून दोन वर्षं झाली होती, आणि डिस्कमध्ये होते मुलाच्या लग्नाचे फोटो आणि सोसायटीच्या सभांची इतिवृत्तं. पण नियम म्हणजे नियम. घरात मिक्सर बिघडला तरी त्याची नोंद ठेवणाऱ्या माणसाशी कोण वाद घालणार.

दुकान अनिलकुमार नावाच्या माणसाचं होतं. पन्नाशीचा, चष्मा कपाळावर सरकवून काम करणारा. त्याचं घराणं कित्येक पिढ्या इथलंच, घरात बोली मराठी, पण ती अशी की अर्ध्या वाक्यात कन्नड डोकावणार. डिस्क नाही म्हटल्यावर तो कुरकुरला. “अक्का, डिस्क नसली तर मी चालवून कसं बघू? डिस्क आणा की, स्वल्प वेळाचं काम.” नयना म्हणाली, तुम्ही फक्त कार्ड बसवा, चालवून आम्ही बघू. फोन नंबर विचारल्यावर तिने सवयीने उमाकांतांचा दिला. या एका सवयीने पुढचं सगळं घडवलं.

बुधवारी संध्याकाळी लॅपटॉप घरी आला. उमाकांतांनी डिस्क बसवली, चालू केला, आणि एक कमान उजळली. नयनाने सगळ्या खोल्यांतून तो फिरवून पाहिला, राउटरला अगदी चिकटवून पाहिला. उमाकांत बराच वेळ त्या एका कमानीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “दुकानात वायरींची काहीतरी गडबड केली असणार.” आणि झोपायला गेले.

हे वाक्य नयनाच्या डोक्यात रात्रभर फिरत राहिलं. दुकानदार चांगला भाग काढून घेतात आणि टाकाऊ घालतात, हे तिने दहा वेळा मोबाईलवर वाचलेलं होतं. सकाळपर्यंत तिची खात्रीच पटली. ती पदर खोचून निघाली तेव्हा उमाकांत बाल्कनीत उभे होते. त्यांनी फोनवरून तिला रिक्षा बोलावून दिली.

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. नयनाने लॅपटॉप काउंटरवर आपटला आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुटला. कन्नडमध्ये सुरू झाली, म्हणजे त्या चौघांना नीट कळावं. जुन्या वायरी कुठे गेल्या, तिने विचारलं. बाई माणूस बघितलं, डिस्क नाही बघितलं, कळणार नाही म्हणून काढून घेतल्यात. याला आमच्याकडे चोरी म्हणतात. अनिलकुमारने चष्मा कपाळावरून खाली घेतला. तो मराठीत काही सांगू लागला तर तिने तेही तोडलं. “आधी धड मराठी बोलायला शिका, मग मला शिकवा.” हे तिने मराठीत म्हटलं, कारण ते फक्त त्यालाच लागायला हवं होतं.

एक गिऱ्हाईक आपला मोबाईल परत खिशात घालून निघून गेलं. अनिलकुमारने ते पाहिलं. तो भांडला नाही, आवाज चढवला नाही. फक्त म्हणाला, “घरी सरांना विचारा, अक्का.”

तिला तो उर्मटपणा वाटला. घरी येईपर्यंत ती रिक्षात एकटीच बडबडत होती. आल्यावर तिने सगळी कहाणी उमाकांतांना सांगितली, आपण काय म्हणालो, तो कसा गप्प झाला, गिऱ्हाईक कसं निघून गेलं. उमाकांत आमटीभात खात होते. ते मान हलवत राहिले. सरांना विचारा म्हणजे काय विचारा, असं तिने दोनदा विचारलं. त्यांनी लोणचं मागितलं.

संध्याकाळी तिने बॅगेतून दुकानाची पावती काढली. हमी किती दिवसांची आहे ते बघून त्या माणसाला आणखी चार शब्द सुनवायचे होते. पावतीच्या मागे कन्नडमध्ये काही लिहिलेलं होतं. नयनाचं कन्नड तोंडात होतं, डोळ्यांत नव्हतं. बसच्या पाट्या वाचाव्यात तसं एकेक अक्षर लावत तिने ते वाचलं, आणि पुन्हा वाचलं. मग ती पावती घेऊन नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. उमाकांतांना तेहेतीस वर्षांत कन्नडचं एक अक्षरही वाचता आलं नव्हतं, तेव्हा तिनेच मराठीत वाचून दाखवलं. काही न गाळता.

“आतल्या वायरी घरी केलेल्या. नव्या कार्डाला जुळत नाहीत. बदलू का म्हणून फोन केला. सर म्हणाले, वायर बदलायची नाही.”

उमाकांतांनी पेपर खाली ठेवला आणि समजावून सांगायला घेतलं. त्यांचा आवाज सभेत अहवाल वाचतानाचा होता. संस्थेत वायरलेस चालत नसे. तिथे लॅपटॉप आला की कार्ड उपटून काढत आणि पडद्याच्या कडेने जाणाऱ्या अँटेनाच्या दोन्ही वायरी कापून टाकत. घरी आणल्यावर त्यांनी कुठूनसं जुनं कार्ड मिळवून बसवलं आणि वायरी स्वतः केल्या. तांब्याच्या, बरोबर एकतीस मिलिमीटरच्या. जुन्या पट्ट्याला तेच माप लागतं, त्यात तसूभर चूक नव्हती. आपल्या हातची अँटेना कुणी दुकानदाराने उपटून फेकावी हे त्यांना पटलं नाही. आता नव्या पट्ट्याला ते माप चालत नाही, हे खरं.

“हे तुम्हाला कधी कळलं?” नयनाने विचारलं.

“काल रात्री. ती एक कमान दिसली तेव्हा.”

“आणि मी सकाळी निघाले तेव्हा?”

उमाकांतांनी पुन्हा पेपर उचलला.

“तेव्हा तुम्ही मला रिक्षा बोलावून दिलीत,” नयना म्हणाली.

राग म्हणजे काय ते तिला त्या क्षणी कळलं. सकाळी दुकानात जो होता तो नुसता आरडाओरडा होता. हा वेगळा होता. ह्याला आवाज नव्हता. तीस वर्षं तिने या माणसाच्या काटेकोरपणाचं कौतुक केलं होतं, पाहुण्यांना त्याच्या नोंदवह्या दाखवल्या होत्या. आणि हा माणूस एका निरपराध माणसावर बायकोला सोडून बाल्कनीत उभा राहिला होता, का, तर तांब्याच्या दोन तुकड्यांची अब्रू जाऊ नये म्हणून. तिची नोकरी त्यात बुडाली असती तरी तो आमटीभात खात राहिला असता. तिला स्वतःचाही संताप आला. समोरच्याचं सगळं सांगायचा नियम फ्रिजवर लावून ती एका माणसाला एक वाक्य पुरं करू न देता परत आली होती.

“उठा,” ती म्हणाली. “डिस्क लॅपटॉपमध्येच राहू दे. पँट बदला. दुकान आठला बंद होतं.”

उमाकांतांनी गुडघ्याचं नाव काढलं. नयनाने ऐकलं नाही. रिक्षा या वेळी तिने बोलावली.

दुकानात दोन माणसं होती. अनिलकुमारने तिला पाहिलं आणि हातातलं काम थांबवलं. नयनाने लॅपटॉप काउंटरवर हलकेच ठेवला आणि नवऱ्याला पुढे केलं. उमाकांतांनी घसा साफ करून इंग्रजीत सुरुवात केली. जुन्या अँटेनाची रचना मूळच्या वारंवारतेसाठी योग्यच होती, ते म्हणाले. नव्या कार्डाची गरज वेगळी असल्यामुळे एक विसंगती निर्माण झाली. संवादातही थोडी त्रुटी राहिली. त्या दृष्टीने आता फेरविचार करता येईल. हे असं पाच मिनिटं चाललं. दोन्ही गिऱ्हाइकं तोंडाकडे बघत उभी होती.

“थांबा, मी सांगते,” नयना म्हणाली, आणि कन्नडमध्ये, दुकानभर ऐकू जाईल असं बोलली. “हे म्हणतायत की या दुकानदाराने बरोबर सांगितलं होतं. मीच फोनवर वायर बदलू नका म्हणून सांगितलं. आणि माझी बायको याला चोर म्हणायला निघाली तेव्हा मला सगळं माहीत होतं.”

तेवढं कन्नड उमाकांतांना कळलं. “मी असं म्हटलं नाही,” ते हळूच मराठीत म्हणाले.

“मग म्हणा.”

ते खाली बघत राहिले. अनिलकुमारही त्यांच्याकडे बघत नव्हता, तो नयनाकडे बघत होता.

नयना त्याच्याकडे वळली आणि मराठीत म्हणाली, “मी तुम्हाला चोर म्हणाले. तुमच्या बोलण्यालाही नावं ठेवली. दोन्ही चुकीचं होतं.”

“आमच्या घरात असंच बोलतात, अक्का. चार पिढ्या टिकवून धरलंय ते,” अनिलकुमार म्हणाला. त्याचा आवाज सरळ होता, पण सुईसारखा. “ते असू दे. तुम्ही चोर म्हणालात तेव्हा इथे चार जण होते. त्यातला एक गेला तो आला नाही. आता तुम्ही चूक म्हणताय तर ते चौघं कुठं आहेत?”

ते चौघं चामराजपेटच्या गल्ल्यांमध्ये कुठे पांगले होते कोण जाणे, आणि त्यांपैकी प्रत्येकाने निदान एकाला तरी सांगितलं असणार.

अनिलकुमारने आणखी ताणलं नाही. उद्या अकराची परीक्षा आहे हे ऐकल्यावर त्याने शटरकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि म्हणाला की पडदा खोलावा लागेल, वरच्या कडेला नव्या वायरी चिकटवायच्या, तास तरी जाईल. “सरी, बरं, बसा,” तो म्हणाला. त्याने झाकण उघडलं, एकतीस मिलिमीटरचे ते दोन तुकडे चिमट्याने सोडवले आणि एका कागदात गुंडाळून उमाकांतांच्या हातात दिले. आपल्या हातात काय आलंय हे उमाकांतांना कळलं नाही असं नाही.

नयना स्टुलावर बसली. आधीच्या दोघांनी तिचं बोलणं ऐकलं होतं, तरी त्यांना तिने पुन्हा एकदा, स्वतःच्या वतीने सांगितलं: आज सकाळी मी या माणसाला चोर म्हणाले, ते खोटं होतं. ते दोघं ओशाळून हसले आणि निघून गेले. थोड्या वेळाने एक बाई मोबाईलला काच लावायला आली. नयनाने तिलाही सांगितलं. ती बाई बिचारी गोंधळली, म्हणाली मला नुसती काच हवी आहे.

“पुरे, अक्का,” अनिलकुमार मान वर न करता म्हणाला.

“चार झाले की थांबते.”

उमाकांत शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीत आक्रसून बसले होते. दर खेपेला नयना बोलू लागली की ते हातातली पुडी उलगडत आणि पुन्हा बांधत. पावणेआठला चौथं गिऱ्हाईक आलं, एक पोक्त गृहस्थ, चार्जर बिघडला म्हणून. नयनाने तोंड उघडलं आणि मिटलं. तिने फक्त नवऱ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात दया नव्हती.

उमाकांत उठले. गुडघा दुखत असावा, कारण खरंच वेळ लागला. त्यांना त्या भाषेत चार शब्द बोलता येत होते आणि त्यांतले दोनच कामाचे होते. “नंदे तप्पु,” ते त्या गृहस्थांना म्हणाले. चूक माझीच. मग अनिलकुमारकडे बोट करून, हिंदी, इंग्रजी, हाताला येईल ते घालून त्यांनी सांगितलं, की हा माणूस चांगला आहे, याला चोर म्हटलं गेलं, आणि मला माहीत असून मी घरी बसलो. चार्जरवाले गृहस्थ म्हणाले, बरं.

अनिलकुमारने पडदा मिटवला, लॅपटॉप चालू केला आणि काउंटरवर फिरवून तिच्यासमोर धरला. चारही कमानी उजळल्या होत्या.

शुक्रवारी अकरा ते बारा नेट एकदाही तुटलं नाही. मुग्धाने अभिनंदन केलं आणि सोमवारपासून पक्की नेमणूक म्हणून सांगितलं. नयनाने हेडफोन काढून ठेवला. तिचा राग गेला होता असं कुणी समजू नये. सकाळपासून ती उमाकांतांशी कामापुरतंच बोलत होती, आणि कामही फारसं काढत नव्हती.

दुपारी हैदराबादहून मुलाचा, ईशानचा फोन आला. बाहेरच्या खोलीत उमाकांतांनी तो घेतला. ईशान विचारत होता, आईचं काय झालं. उमाकांतांचा सभेतला आवाज लागला. झालं, पास झाली, कार्ड बदलून आणलं, अँटेनात थोडी विसंगती होती, ती दूर केली.

“सगळं सांगा,” नयना आतून म्हणाली.

मग उमाकांतांनी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. घासलेला स्क्रू, दुकानातून आलेला फोन, एक कमान, सकाळ. नयना दाराशी येऊन उभी राहिली आणि शेवटपर्यंत ऐकत राहिली. रिक्षा आपणच बोलावून दिली होती, तेही त्यांनी सांगितलं.